अठ्ठेचाळीस तासांचा पाहुणचार

शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या नायिकेला दोन पदर होते. एक डाव्या खांद्यावर, एक उजव्या. दोन्ही गालांवर एकेक तीळ, दोन्ही नाकपुड्यांत एकेक चमकी. चेहरा इतका मोजून-मापून सारखा, की मधोमध घडी घातली असती तर कडेला कड जुळली असती. रूपा स्क्रीनकडे बघून हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीवरून खाली फरशीवर बसली. मला हसूही येत होतं आणि रडूही. गेम जमा करायला एकतीस तास उरले होते.

"काय झालं?" मारुतीआण्णांनी विचारलं. "चांगलं न्हाय आलं?"

"आण्णा, हिला दोन पदर का?"

आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितलं. "मी अर्धंच काढलोय की. बाकीचं अर्धं उलटवून जोडलोय."

मारुतीआण्णा वडगावचे. बावीस वर्षं ते पॉवरलूमच्या साड्यांची डिझाइनं करतात. साडीच्या काठाचं डिझाइन करताना अर्धा नमुना काढायचा असतो. उरलेला अर्धा कॉम्प्युटर आरशासारखा उलटवून चिकटवतो. मोरांची जोडी हवी असेल तर एकच मोर काढायचा, दुसरा त्याच्याकडे तोंड करून आपोआप उभा राहतो. आण्णांनी बाईलाही तोच न्याय लावला होता.

आता मी कोण आणि ही भानगड काय, ते सांगते.

मी शिल्पा, प्रोग्रॅमर. खासबागेत एका साडीच्या दुकानावर आमचं सात माणसांचं ऑफिस आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी आम्ही स्टॉकचं, हजेरीचं सॉफ्टवेअर लिहितो. गेलं वर्षभर मी आणि रूपा एका कोपऱ्यात बसून छोटे मोबाइल गेम करत होतो. रूपा सांबऱ्याहून बसनं येते. ॲपमधला मजकूर लिहायला तिला घेतलं होतं, पण तिला गोष्टी लिहायच्या होत्या. आमच्या कोपऱ्यातून वर्षभरात तीन गेम निघाले आणि क्लायंट एकही आला नाही. माझा जीव मात्र त्या कोपऱ्यातच होता. फाउंड्रीच्या स्टॉकवर माझं पोट चालत होतं, पण सकाळी लवकर ऑफिसला यावंसं वाटायचं ते त्या कोपऱ्यासाठी.

गुरुवारी विनायक सर, म्हणजे आमचे बॉस, माझ्या टेबलाशी आले.

"शिल्पा, सोमवारपास्नं हॉस्पिटलच्या बिलिंगचं काम सुरू हुतंय. मला दोन माणसं पायजेत."

"कोण कोण, सर?"

"तू आणि रूपा. गेमचं बास आता."

मी म्हटलं, "सर, या शनिवार-रविवारी ऑनलाइन गेम जॅम आहे. तेवढं करू द्या."

"जॅम म्हंजे?"

गेम जॅम म्हणजे गेम करणाऱ्यांची शर्यत. शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक विषय जाहीर होतो. रविवारी सहाच्या आत त्या विषयावर नवा कोरा गेम करून वेबसाइटवर चढवायचा. सहा वाजून एक मिनिट झालं की दार बंद. बक्षीस वगैरे फारसं नसतं. जगभरचे हौशी लोक एकमेकांचे गेम खेळतात आणि मतं लिहितात.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "करा. पण रात्री आठला मी ऑफिसला कुलूप घालणार, जागरण न्हाय. गेम रविवारी सहाच्या आत पूर्ण पायजे. आणि चढवायच्या आधी माझी आई तो खेळणार. कुणाला काय न इच्यारता शेवटपर्यंत खेळली, तर तुमचं गेमचं काम चालू. न्हायतर सोमवारी बिलिंग."

"आक्काच का, सर?"

"जे तिला कळत न्हाय ते बाजारात चालत न्हाय. माझा नऊ वर्षांचा अनुभव हाय."

सरांच्या आईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. उभं आयुष्य त्यांनी मागासाठी कांड्या भरल्या, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळलं. आता फोन छान वापरतात. वाचायला येतं, बोटानं दाबायला येतं. उड्या मारणं, गोळ्या झाडणं जमणार नाही. म्हणून मी तिथंच ठरवलं, व्हिज्युअल नॉव्हेल करायची. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. स्क्रीनवर घर दिसतं, माणूस दिसतो, खाली तो काय बोलतो ते उमटतं. आपण वाचायचं आणि बोटानं पुढे जायचं. मधेच दोन बटणं येतात, आता काय करायचं? आपण जे दाबू त्या वाटेनं गोष्ट जाते.

शुक्रवारी सहाला विषय आला. "पाहुणा." रूपानं टेबलावर हात आपटला. "आपलाच विषय हाय की गं, शिल्पाक्का." साडेसातपर्यंत तिची गोष्ट तयार होती. वडगावातल्या दोन मैत्रिणी, एकत्र कांड्या भरणाऱ्या. एकीचं निपाणीला लग्न होतं, दुसरी लग्नाला जात नाही, अबोला धरला जातो. बारा वर्षांनी निपाणीची बाई दुसरीच्या दारात येते. खेळणारा म्हणजे ही पाहुणी. घरातल्या मैत्रिणीचं नाव मालन. पाहुणी आत येते, चहा घेते, बोलता बोलता कळतं की लग्नपत्रिका मालनच्या भावाच्या खिशातच राहिली होती. चित्रं काढायला खालच्या दुकानात डिझाइन द्यायला येणारे मारुतीआण्णा लगेच तयार झाले.

तर शनिवारी ती दोन पदरांची मालन आली. पाच चेहरे काढले होते, हसरा, रुसलेला, चिडलेला, रडका आणि गप्प, आणि पाचही उलटवून जोडलेले. चिडलेली मालन देवळाच्या दारावरच्या राक्षसासारखी दिसत होती.

"सगळं परत काढायचं?" आण्णांचा चेहरा पडला.

"एक पदर तेवढा खोडा," मी म्हटलं. "एक तीळही."

"आणि चमकी?"

रूपानं डोळे पुसले. "चमकी दोन्हीकडं राहू द्या. इकडं घालतात की दोन्हीकडं."

आण्णांच्या चित्रांचा एक फायदा मात्र झाला. साडीत रंग वाढला की काम वाढतं, म्हणून त्यांनी पूर्ण चित्र सहा रंगांत बसवलं होतं. फाइल एवढीशी झाली. आमचा अख्खा गेम एखाद्या लग्नातल्या चार फोटोंइतका हलका होता. शनिवारी संध्याकाळी सातला तो पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालला. पडद्यावर "समाप्त" आलं आणि आम्ही तिघं लहान पोरांसारखे टाळ्या वाजवत बसलो. मी तो पंधरा वेळा खेळले. एकदाही अडकला नाही. मला वाटलं, जिंकलो.

रविवारी बाराच्या सुमारास सर आईला स्कूटरवर घेऊन आले. आक्का नेसूनसवरून आल्या होत्या, कुणाच्या घरी जावं तशा. मी त्यांना खुर्ची दिली, टॅबलेट समोर ठेवला आणि मागे जाऊन उभी राहिले. सर दाराला टेकले.

आक्कांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मालननं दार उघडलं. "तू? ये, आत ये." आक्का आत गेल्या. मालन म्हणाली, "बस. चहा घेणार का?" खाली दोन बटणं आली. हो. नको.

आक्कांनी "नको" दाबलं.

मालन म्हणाली, "बरं." दोघी गप्प बसल्या. पाहुणी उठली. दार लागलं. समाप्त.

दोन मिनिटंही झाली नव्हती. आक्कांनी टॅबलेट उलटा करून बघितला, मागे काही राहिलंय का म्हणून.

"संपलं?" सरांनी विचारलं.

"परत खेळा ना, आक्का," मी म्हटलं.

आक्का परत खेळल्या. चहा घेणार का? नको. समाप्त. तिसऱ्यांदा खेळल्या. नको. समाप्त.

रूपाला राहवलं नाही. "आक्का, हो दाबा की."

आक्कांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिनं भर मांडवात शिट्टी मारली. "असं कसं गं लगीच व्हय म्हणायचं? हावरट दिसतंय ते. बारा वर्सांनी आलीया ती बाई. आनि ही मालन. एकदा इच्यारली आनि गप बसली. असल्या घरात कशाला थांबायचं?"

मारुतीआण्णांनी हळूच मान डोलावली, आक्कांच्या बाजूनं.

मी प्रोग्रॅमर आहे आणि याच गावातली आहे. आजवर एकाही घरात पहिल्यांदा विचारल्यावर मी चहाला हो म्हटलेलं नाही. पण गेम तपासताना पंधराही वेळा "हो" दाबलं होतं, कारण मला पुढे जायचं होतं. आमच्या धंद्यातली ही जुनी चूक. ज्या वाटेवर सगळं सुरळीत होतं तीच वाट आपण पुन्हा पुन्हा तुडवतो. ऑफिसात बसल्या बसल्या मी नुसती यंत्रासारखी झाले होते. दोन बटणं, होचा अर्थ हो, नकोचा अर्थ नको. असं आमच्याकडे कुठं असतं?

सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "ह्याला काय शेवट म्हणत न्हाय. साडेचारला परत आणतो आईला. शेवटची संधी."

चार तास होते. आणि खरं सांगते, वर्षभरात इतकी मजा कधी आली नव्हती. आम्ही तिघंही एकदम बोलत होतो.

"अजून तीनदा इच्यारायचं," रूपा म्हणाली. "दरवेळी येगळं बोलायचं."

"पहिल्यांदा, असं कसं, इतक्या लांबनं आलीस."

"दुसऱ्यांदा, आधण ठेवलंय, आता काय ओतून टाकू?"

"तिसऱ्यांदा, अर्धा कप तरी. माझ्यासाठी."

"आणि चौथ्यांदा?" मी विचारलं.

"चौथ्यांदा इच्यारायचं न्हाय," मारुतीआण्णा ठामपणे म्हणाले. "कप आणून पुढ्यात ठेवायचा."

मी व्हेरिएबल टाकला. व्हेरिएबल म्हणजे कॉम्प्युटरनं बोटांवर मोजून ठेवलेला आकडा. इथं तो पाहुणीचे "नको" मोजत होता. एखाद्यानं पहिल्याच फटक्यात "हो" म्हटलं तर काय, असा प्रश्न आला. रूपानं तोही सोडवला. मालन मनात म्हणते, हिला वाटेत काही खायला मिळालं नाही वाटतं, आणि चहाबरोबर पोहेही आणते.

दोन वाजता रूपा टाइप करता करता थांबली. "शिल्पाक्का, पत्रिका खिशात राहिली हे खोटं वाटतंय मला आता."

"मग?"

"मालन लग्नाला आली न्हाय, कारण पाहुणीनं तिला एकदाच बोलवलं. मालन म्हणाली, बघते. ही परत इच्यारायला गेलीच न्हाय."

मी म्हटलं, "लिही." गोष्टीचा गाभा दोन वाजता बदलायचा नसतो, सहाला गेम जमा करायचा असताना. कुठल्याही पुस्तकात हेच सांगतील. रूपानं तासाभरात सगळं बदललं, आणि वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साडेचारला आक्का परत खुर्चीत बसल्या. चहा घेणार का? नको. असं कसं, इतक्या लांबनं आलीस. आक्का जरा सरसावल्या. नको. आधण ठेवलंय. आक्का हसल्या. नको. अर्धा कप तरी. माझ्यासाठी. आक्कांनी मोठा श्वास घेतला आणि "हो" दाबलं. रूपानं माझ्या दंडात नखं रुतवली.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतो. आक्का मोठ्यानं वाचत होत्या, मालनला उत्तरं देत होत्या, मधेच तिच्यावर चिडत होत्या. "तू एकदाच बोलवलंस," असं मालन म्हणाली तेव्हा आक्का थांबल्या. त्यांनी ती ओळ परत वाचली, मनातल्या मनात. मग पदरानं नाक पुसलं आणि पुढे गेल्या.

शेवटची निवड आली. निघते. बसते थोडं.

आक्कांनी "बसते थोडं" दाबलं. रूपानं तिथं चार ओळींच्या गप्पा लिहिल्या होत्या. त्या संपल्या. परत तीच निवड. बसते थोडं. परत त्याच गप्पा. बसते थोडं.

पाच पस्तीस झाले. आक्का मालनच्या घरात बसलेल्या. मला काही बोलता येत नव्हतं, कारण अटच तशी होती. रूपा देवाचं नाव घेत होती. मारुतीआण्णा खिडकीबाहेर बघत होते. आक्कांनी सातव्यांदा "बसते थोडं" दाबलं.

पाच एक्केचाळीसला विनायक सरांचाच धीर सुटला. "आई, निघ की आता. किती बसतीस?"

"कुंकू लावल्याबिगर कशी निघू?" आक्का म्हणाल्या. "मालन उठंना झालीया. मी वाट बघालोय तिची."

तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी कीबोर्डकडे धावले. माझ्या आधी सर पोचले होते.

"सर, मी करते."

"सरक. आईला कुंकू लावून कसं वाटंला लावतात ते मला ठाऊक हाय."

विनायक सरांनी नऊ वर्षं एक ओळ कोड लिहिला नव्हता. दोन बोटांनी टाइप करत ते म्हणत होते, "'थांब गं, कुंकू लावते.' मग 'परत ये.' मग परत एकदा 'परत ये.'" मारुतीआण्णांनी तोवर मालनचा हात काढला. हातात करंडा, सहा रंगांत. सरांनी बटण दाबलं आणि सगळा स्क्रीन लाल झाला, कोडात चूक. गेम करायला आम्ही वापरतो त्या इंजिनात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, ओळ किती जागा सोडून सुरू होते याला फार महत्त्व असतं. सरांनी जुन्या सवयीनं हवी तशी जागा सोडली होती. मी मागून हात घालून ती सरळ केली. पाच एक्कावन्न.

आक्का सेव्ह केलेल्या जागेवरून परत सुरू झाल्या. मालन उठली. करंड्याचा हात पुढे आला. आक्कांनी नकळत मान जराशी पुढे केली. मग "निघते" दाबलं. समाप्त.

आण्णांच्या सहा रंगांमुळे फाइल मिनिटभरात चढली. पाच छप्पन्नला वेबसाइटनं हिरवी खूण दाखवली. रूपानं आक्कांना मिठी मारली. मारुतीआण्णांनी मला मिठी मारली आणि लगेच लाजून दोन पावलं मागे गेले. सर स्कूटरची किल्ली घेऊन आईला घेऊन गेले.

आणि मग माझ्या लक्षात आलं. अट होती, कुणाला काही न विचारता. सरांनी स्वतः मधे तोंड घातलं होतं. आक्का आपणहून शेवटाला पोचल्या म्हणायच्या का नाही? रविवारची संध्याकाळ मी त्याच विचारात काढली.

सोमवारी आमच्या गेमवर दोन मतं आली होती. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं, की चहाचा प्रश्न परत परत येतो, हा बग दुरुस्त करा. हुबळीकडच्या कुणीतरी लिहिलं होतं, की मी हा माझ्या मावशीला दिला आणि ती अजून मालनच्या घरी बसली आहे. दोन्ही मतं रूपानं भिंतीवर चिकटवली.

दहाला सर माझ्या टेबलाशी आले. हातात बिलिंगच्या कामाचे कागद होते.

"हॉस्पिटलचं मी दुसऱ्या दोघांना द्यायचं म्हणतोय," ते म्हणाले. "तुम्ही दोघी गेमचंच बघता का?"

वर्षभर ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"नको सर, राहू दे की. तुमची अडचण होईल उगाच."

"बरं," सर म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

रूपा माझ्याकडे बघत होती. तोंड उघडं, हातात चिकटपट्टी तशीच. मी खुर्ची मागे लोटली आणि केबिनच्या दारात जाऊन एका दमात म्हटलं, "सर, हो. बघतो. आम्ही दोघी बघतो. हो."

सर मान वर न करता कागद लावत होते. "दुसऱ्यांदा इच्यारायला येणारच हुतो मी. हे कागद तेवढे ठेवून."

तेव्हापासून क्लायंट "नको" म्हणाला की मी दोन दिवस थांबते आणि परत विचारते. निम्म्या वेळा काम मिळतं. विनायक सरांनी मात्र काही विचारलं, की मी पहिल्या फटक्यात हो म्हणते. हावरट दिसले तरी चालेल.